पोर्टेबल टाइपरायटर घेऊन नव्या बसने फिरायला: नवी मुंबईत पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

टाइपरायटर घेतला, पुसला, नवी रिबन टाकली, घरी आलेल्या सगळ्यांना दाखवला आणि मग तो शोकेसवर जाऊन बसला, असं खूप जणांचं होतं. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण हे मशीन चालतं राहिलं तरच नीट राहतं. वापर नसला की आतलं जुनं तेल सुकून चिकट होतं, त्यावर धूळ बसते, आपल्याकडे खाडीची दमट हवा आहेच, मग एक दिवस बघावं तर 'ए'ची दांडी वर जाते पण खाली येत नाही. म्हणून ज्यांनी नुकतंच मशीन घेतलंय त्यांना माझं एकच सांगणं असतं, त्याला घराबाहेर काढा, आणि बाहेर काढायला सगळ्यात सोपं निमित्त म्हणजे तुमच्या भागात सुरू झालेला एखादा नवा बस मार्ग.

बसच का? रिक्षाने गेलात तर दहा मिनिटांत पोचता आणि वाटेत काही बघणं होत नाही, स्वतः गाडी चालवत असाल तर नजर पुढच्या गाडीवर. बसमध्ये खिडकी मिळाली की काम झालं. त्यात मार्ग नवा असला की बस अशा सेक्टरमधून वळत जाते जिथे जायचं तुम्हाला कधी कारणच पडलं नव्हतं, आणि टाइप करायला काहीतरी मिळतं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण नवीन लोकांची पहिली अडचण बोटांची किंवा स्पीडची नसतेच, मशीन समोर आहे, कागद चढवलाय, आता लिहायचं काय इथेच गाडी अडते, मग सरावाचं तेच 'क्विक ब्राउन फॉक्स' हे इंग्रजी वाक्य पाच वेळा टाइप होतं आणि कंटाळा येतो. एक फेरी मारून आलात की लिहायला भरपूर असतं.

नवी मुंबई या कामासाठी फार चांगली आहे. मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली, १९७० ला शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, आणि तेव्हापासून एकेक नोड, म्हणजे एकेक उपनगर, करत हे शहर वाढतंय. वाशी, नेरूळ, बेलापूर जुने झाले, खारघर भरलं, आता उलवे, तळोजा, द्रोणागिरी. लोक राहायला आले की मागोमाग बस येते, त्यामुळे इथे नवा मार्ग ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. आणि गंमत बघा, हे शहर कागदावर आखलं गेलं तो काळ टाइपरायटरचाच, तेव्हाचे अहवाल, टेंडर, वाटपपत्रं असले कागद कुठल्या ना कुठल्या मशीनवरच टाइप होत.

कुठलं मशीन न्यायचं

पोर्टेबलच न्या. गोदरेज, रेमिंग्टन, हाल्डा ही ऑफिसची मोठी मशीन्स दहा किलोच्या बरीच वर जातात, ती उचलून बसच्या पायऱ्या चढणं पाठीला परवडत नाही आणि बाकीच्या प्रवाशांनाही नाही. गोदरेजबद्दल मला मनापासून आदर आहे, १९५५ ला त्यांनी भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या त्यावर शिकल्या, पण ते मशीन टेबलावर बसून काम करायला बनवलंय, फिरायला नाही. ऑलिव्हेटीचं लेटेरा २२ हे १९५० चं मॉडेल साधारण चार किलोचं आहे, मार्चेल्लो निझ्झोली यांनी डिझाइन केलेलं, आणि त्याच्या नंतर आलेलं लेटेरा ३२ पण तसंच सुटसुटीत. ब्रदरची छोटी मशीन्सही जुन्या बाजारात दिसतात. ब्रँडपेक्षा दोन गोष्टी बघा, एक म्हणजे स्वतःची केस आहे का आणि तिचं हँडल पक्कं आहे का. हँडलची रिव्हेट ढिली असेल तर बाहेर न्यायच्या आधी चांभाराकडून शिवून घ्या किंवा सरळ केसला खालून पट्टा बांधा.

अजून मशीन घेतलंच नसेल तर चोर बाजार आहे, जुनी बंद झालेली टायपिंग इन्स्टिट्यूट आहेत, सेकंडहँड वस्तूंची अॅप्स आहेत. आपल्याकडे सरकारी टायपिंगची परीक्षा २०१७ पर्यंत मशीनवर होत होती, नंतर ती पूर्ण कॉम्प्युटरवर गेली, तेव्हा क्लासवाल्यांनी मशीन्स अक्षरशः भंगारच्या भावात काढली. पण क्लासमधलं मशीन बहुतेक मोठंच असतं हे लक्षात ठेवा. घेताना प्रत्येक की दाबून बघा, कॅरेज, म्हणजे रोलर आणि कागद घेऊन सरकणारा वरचा भाग, शेवटपर्यंत स्वतःहून सरकते का बघा, घंटी वाजते का बघा. की दाबली आणि अक्षर उमटलं पण कॅरेज जागची हलली नाही तर बहुतेक वेळा कॅरेज ओढणारी दोरी सुटलेली किंवा तुटलेली असते, ती दुरुस्त होते, घाबरून चांगलं मशीन सोडू नका, फक्त भाव करताना सांगा.

आदल्या दिवशी

घरी एक अख्खं पान टाइप करा. अख्खं म्हणजे अख्खंच, चार ओळी नाही. रिबन एका स्पूलवरून दुसऱ्यावर नीट जाते का, शेवटाला पोचल्यावर उलटी फिरते का, हे पानभर टाइप केल्याशिवाय कळत नाही. रिबन अर्ध्या इंचाची, बहुतेक सगळ्या मशीन्सना चालते, एक जादा रिबन झिपवाल्या पिशवीत घालून बरोबर ठेवा.

एखादी की अडकत असेल तर तिथे तेल ओतू नका, हे शंभर वेळा सांगितलं तरी कमीच आहे. ज्या अर्धगोल खाचांमधून अक्षरांच्या दांड्या वर येतात तिथे तेल गेलं की आज मस्त चालतं आणि महिन्याभरात धूळ धरून आधीपेक्षा जास्त अडकतं. तिथे जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा थिनर लावून मळ काढायचा, खिडक्या उघड्या ठेवून, गॅसपासून लांब, आणि ते प्लास्टिकला किंवा रंगाला लागू द्यायचं नाही. शिवणयंत्राचं तेल फक्त कॅरेज ज्या पट्टीवर सरकते तिथे, तेही कापडाला लावून पुसल्यासारखं.

आता बॅग. कागद ए-फोर, साधा बाँड पेपर, एका कडक फाइलमध्ये. पोस्टकार्डं. दोन बुलडॉग क्लिप. एक जुना टॉवेल किंवा योगा मॅटचा तुकडा, मशीनखाली घालायला, याने आवाजही कमी होतो आणि टेबलाला ओरखडे पडत नाहीत. छोटा ब्रश, बोटं पुसायला फडकं, पाण्याची बाटली पण ती वेगळ्या पिशवीत, मशीनच्या केसमध्ये कधीच नाही. पेन्सिल आणि छोटी वही, ही का ते पुढे येईल.

पॅक करायची पद्धत एकदा शांतपणे शिकून घ्या कारण जास्तीत जास्त नुकसान इथेच होतं. कॅरेज मध्यावर आणा. कॅरेज लॉक असेल तर लावा, नसेल तर डावा आणि उजवा दोन्ही मार्जिन स्टॉप, म्हणजे ओळ कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार ते ठरवणारे खटके, सरकवत मध्यावर आणा म्हणजे कॅरेजला इकडेतिकडे जायला जागाच राहत नाही. कागद धरणारी पट्टी खाली, मागचा कागदाचा आधार दुमडलेला, नव्या ओळीवर नेणारा रिटर्न लिव्हर आत. रोलरवर कागद ठेवू नका, त्याचा घट्ट वळसा बसतो. मग केस बंद करून हलकेच कलती करा आणि कान द्या. आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडा आणि जिथे पोकळी आहे तिथे फडकं कोंबा. लॉक नसलेली कॅरेज बसच्या एका जोरदार ब्रेकला शेवटपर्यंत धाडकन जाते आणि तो धक्का सगळा आतल्या नाजूक दातांवर बसतो.

मार्ग आणि वेळ ठरवताना

नवा मार्ग म्हणून कुठलाही धरू नका. पहिल्या खेपेला तीन गोष्टी बघा: बस जिथून सुटते तिथूनच तुम्हाला बसता आलं पाहिजे म्हणजे जागा मिळते, शेवटचा स्टॉप असा हवा जिथे उतरून पाच-सात मिनिटांत बसायची जागा मिळेल, आणि परतीच्या बसची वारंवारता बरी हवी. नव्या मार्गावर सुरुवातीला गाड्या कमी असतात आणि वेळापत्रकही बदलत असतं, त्यामुळे मोबाइलवर दिसलं तरी सुटण्याच्या ठिकाणी जी केबिन असते तिथल्या कंट्रोलरना जाऊन विचारा, "साहेब, तिकडून परतीची शेवटची गाडी किती वाजता?" हा एक प्रश्न विचारला की अर्धी काळजी मिटते. आणि जी वेळ सांगतील तिच्या आधीच्या गाडीने परत यायचं असं धरून चाला.

नवी मुंबई महापालिकेच्या एनएमएमटीच्या बस आहेत, ठाण्याकडून टीएमटी येते, बेस्टच्याही काही येतात, कुठलीही चालेल. अटल सेतूवरून मुंबईत जाणारी बस नवीन माणसाला फार खुणावते आणि बरोबरच आहे, २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर, बघण्यासारखाच आहे. तरी पहिल्यांदा ती नको. तो लांबचा प्रवास आहे, ऑफिसच्या लोकांची गर्दी असते, आणि उतरल्यावर मशीन घेऊन दक्षिण मुंबईत जागा शोधत फिरावं लागतं. आधी नवी मुंबईतल्या नवी मुंबईत एक-दोन चकरा मारा, मग जा.

वेळ म्हणाल तर रविवारी सकाळी किंवा आठवड्यात दुपारी बारा ते चार. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर मशीन घेऊन बसमध्ये चढायचंच नाही, लोक कामावरून थकून येत असतात, त्यांच्या पायाशी तुमची केस नको. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर पावसात मशीन बाहेर काढू नका, छत्री, पाणी साचलेला स्टॉप आणि पत्र्याची केस यांचं जमत नाही.

बसमध्ये

केस मांडीवर किंवा दोन पायांच्या मध्ये जमिनीवर, ज्या बाजूवर ती उभी राहायला बनवलीय त्याच बाजूवर. शेजारच्या सीटवर ठेवू नका, ती माणसाची जागा आहे. सगळ्यात मागची सीट टाळा, स्पीडब्रेकरला तिथेच सगळ्यात जास्त उसळी बसते, मागच्या आणि पुढच्या चाकांच्या मधली जागा बघा. नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये इंजिनची ती सततची थरथर नसते, मशीनच्या स्क्रूंसाठी हे चांगलंच आहे. कंडक्टरने लगेजचं तिकीट मागितलं तर वाद न घालता घ्या. आत काय आहे विचारलं तर उघडून दाखवा, दहा सेकंदांचं काम आहे आणि समोरच्याची शंका जाते. उतरताना किंवा स्टॉपवर केस एकटी सोडून पाणी प्यायला, फोटो काढायला लांब जाऊ नका, बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, पोलिसांना फोन होतो.

चालत्या बसमध्ये टाइप करायचं नाही. खूप जणांच्या डोक्यात हे चित्र असतं, खिडकीशी मशीन आणि खटखट, पण कॅरेज ओळीच्या सुरुवातीला उजवीकडे बाहेर येते आणि टाइप करता करता डावीकडे बाहेर जाते, म्हणजे ती शेजाऱ्याच्या कोपराला किंवा खिडकीच्या काचेला लागणारच, शिवाय धक्क्यात दोन-तीन दांड्या एकत्र अडकतात. बसमध्ये पेन्सिल आणि वही. जे दिसेल ते तुकड्या-तुकड्याने लिहा, वाक्यं करायची गरज नाही. स्टॉपची नावं लिहाच, नव्या मार्गावर फार मजेची असतात, जुन्या गावाचं नाव, मध्येच सेक्टर नंबर, मध्येच एखाद्या सोसायटीचं नाव. गावठाणातलं मंदिर कुठल्या टॉवरच्या मागे गेलंय, मासळीची टोपली घेऊन कुठल्या स्टॉपला कोण चढलं, कुठल्या वळणावर ड्रायव्हरलाच रस्त्याची खात्री नव्हती आणि प्रवाशांनी सांगितलं "सरळ घ्या दादा", असं. उतरल्यावर याच नोंदींवरून पान होतं.

बसायचं कुठे

यात मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण जागा चुकली की सगळी सहल फुकट जाते.

मशीनला लागतं घट्ट, सपाट, कंबरेच्या जरा वर येणारं टेबल. बागेतला बाक दिसायला छान असतो पण मांडीवर मशीन घेऊन पाठ वाकवून वीस मिनिटांच्या वर बसवत नाही आणि कॅरेज प्रत्येक ओळीला तोल घालवते. दगडी किंवा सिमेंटचं बाक-टेबल असेल तर उत्तम. वाशीच्या सागर विहारला खाडीकाठी बसायला मस्त वाटतं, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई आहे, खारघरचं सेंट्रल पार्क आहे, पण अशा ठिकाणी आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन या, बसायला काय आहे, सावली कधी असते, बाग दुपारी बंद असते का ते बघा आणि गेटवरच्या वॉचमनना विचारून घ्या. खाडीकाठी वारा असतो, कागद रोलरच्या वर आला की फडफडतो आणि अक्षर पुसट येतं, तिथे कागदाच्या मागच्या आधाराला क्लिप लावा आणि पाठ वाऱ्याकडे करून बसा.

फ्लेमिंगो दिसतात त्या जागा मात्र सोडा. सीवूड्सकडे टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागचं पाणथळ, नेरूळचा डीपीएस तलाव, हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथे पक्षी असतात. ठाणे खाडीचा भाग २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, तो उगाच नाही. शांतपणे बघा, नोंदी पेन्सिलने करा, खटखट दुसरीकडे.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघायला जरूर जा, कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेली ती वस्ती, छोट्या छोट्या घरांचे पुंजके आणि मध्ये सामायिक अंगण. पण ती लोकांची राहती घरं आहेत, त्यांच्या ओट्यावर मशीन मांडू नका. बघून घ्या आणि टाइप दुसरीकडे करा.

माझ्या मते नवीन माणसासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे शेवटच्या स्टॉपजवळचं साधं उडपी किंवा चहा-नाश्त्याचं हॉटेल, जेवणाची गर्दी ओसरल्यानंतर. गल्ल्यावर बसलेल्या अण्णांना आधी विचारायचं, "अर्धा तास टायपिंग केलं तर चालेल का, आवाज होतो थोडा." आधी विचारलं तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, आणि न विचारता सुरू केलं तर तेच लोक वैतागतात. भिंतीकडचं कोपऱ्यातलं टेबल घ्या, संगमरवरी असेल तर फारच छान, खाली टॉवेल घाला, खायला-प्यायला मागवा, आणि टेबल लागतंय असं दिसलं की उठा. चहाचा कप मशीनच्या उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचा नाही, कॅरेजच्या वाटेत येतो, पुढे कोपऱ्यात ठेवा.

कागद चढवल्यावर

कागदामागे नेहमी दुसरा कागद लावा. जुन्या मशीनचा रोलर कडक झालेला असतो, एकच कागद असेल तर अक्षरं कागद फाडतात आणि रोलरवर खड्डे पडतात. की दाबून धरायची नाही, गरम तव्याला लागलेलं बोट जसं पटकन उचलतो तसं मारायचं आणि सोडायचं. कॉम्प्युटरची सवय असलेल्यांना हे जमायला दोन-तीन पानं लागतात. दांड्या अडकल्या तर वरून हलक्या हाताने एकेक मागे करा, ओढू नका.

बऱ्याच जुन्या मशीन्सवर एकचा आकडा नसतो, तिथे स्मॉल 'एल' टाइप करतात, आणि उद्गारचिन्ह नसेल तर आधी अपॉस्ट्रॉफी, मग बॅकस्पेस, मग फुलस्टॉप. रुपयाचं चिन्ह तर २०१० चं, ते जुन्या मशीनवर असणारच नाही, तिथे आपलं 'आर' आणि 'एस'. घंटी वाजली म्हणजे ओळ संपायला थोडीच अक्षरं राहिलीत, तुमच्या मशीनवर नेमकी किती ते घरी मोजून ठेवा.

मराठीचं काय हा प्रश्न येतोच. देवनागरी पोर्टेबल फार कमी मिळतात, मराठी मशीन्स बहुतेक ऑफिसची आणि क्लासची. मग फिरतीवर दोन पर्याय, एक तर इंग्रजीत लिहा नाहीतर रोमन अक्षरांत मराठी लिहा. मला दुसरं जास्त आवडतं, मोबाइलवर आपण सगळे तसं लिहितोच, आणि बसमध्ये ऐकलेली वाक्यं मराठीतच असतात, त्यांचं इंग्रजी करत बसलं की त्यातली चव जाते. घरी मोठं मराठी मशीन असेल तर नंतर त्यावर नीट उतरवून काढा. त्यावर वेलांटी-उकाराच्या काही कीजना कॅरेज पुढे जातच नाही, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते, हाताला वेगळं वळण लागतं, पण कागदावर आलेलं ते मराठी बघून जो आनंद होतो तो सांगून कळणार नाही.

पहिल्या सहलीत पूर्ण लेख वगैरे मनात धरू नका, पोस्टकार्ड करा. पन्नास पैशांचं साधं पोस्टकार्ड, १४ बाय ९ सेंटिमीटर. मशीन पायका असेल म्हणजे इंचाला १० अक्षरं, तर आडव्या कार्डावर कडेला जागा सोडून साधारण ४५ ते ४८ अक्षरांची ओळ बसते, एलीट असेल म्हणजे इंचाला १२, तर त्याहून जास्त. इंचाला सहा ओळी धरल्या तर वरखाली जागा सोडून सतरा-अठरा ओळी होतात, एवढ्यात एक बसप्रवास व्यवस्थित मावतो. कार्ड नुसतं चढवलं तर शेवटच्या ओळींना ते रोलरमधून सुटतं आणि ओळ तिरकी जाते, म्हणून मागे ए-फोर कागद लावून दोन्ही एकत्र चढवा, कार्ड सुटलं तरी कागद धरून ठेवतो. पत्ता आणि पिनकोड त्याच मशीनवर टाइप करा आणि त्याच भागातल्या लाल पेटीत टाका, शिक्का त्या बाजूचा पडतो. पाठवा कुणाला तरी ज्याला पत्र येण्याची सवय राहिलेली नाही, आत्या, मामा, शाळेतल्या बाई.

लोक येणार, त्यांना येऊ द्या

खटखट ऐकून लोक जमतातच. मुलांना एक की दाबायची असते, त्यांच्या नावाची अक्षरं शोधून मारायला सांगा, कागद फाडून त्यांना द्या, त्यासाठी वेगळे कागद बरोबर ठेवा. दोन मुलं एकदम तुटून पडली तर मात्र मशीनवर हात ठेवून आधी नंबर लावा.

पण खरी भेट होते ती साठीच्या पुढच्या लोकांशी. सागर विहारला एक काकू बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या, मग जवळ येऊन म्हणाल्या, "चाळीसचा स्पीड होता माझा." मी उठून जागा दिली. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, आधी मार्जिन बघितलं, कागद किंचित तिरका होता तो रोलर मोकळा करून सरळ केला, बोटं ए-एस-डी-एफवर गेली आणि खाली न बघता त्यांनी 'विथ रेफरन्स टू युवर लेटर डेटेड' एवढं एका दमात टाइप केलं. करंगळीचा ठोसा बाकीच्या बोटांएवढाच, एकही अक्षर फिकट नाही. घंटी वाजली तसा हात आपोआप लिव्हरवर गेला. कागदामागचा दुसरा कागद बोटाने चाचपून म्हणाल्या, "हे बरं केलंत, नाहीतर आमच्या सरांनी उभं केलं असतं." मग त्या क्लासबद्दल, परीक्षेला स्वतःचं मशीन रिक्षात घालून नेण्याबद्दल, सरकारी ऑफिसातल्या सहा कार्बन कॉप्यांबद्दल सांगत बसल्या. अशा माणसांना जागा द्या आणि ते काय सांगतात ते ऐका, करंगळीला जोर कसा आणायचा, रिबन सैल झाली की काय करायचं, कार्बन कसा लावायचा हे त्यांच्या हातात आहे. फोटो-व्हिडिओ त्यांना विचारूनच काढा.

घरी आल्यावर

केस उघडून मशीन तासभर पंख्याच्या हवेत ठेवा, खाडीकाठून आला असाल तर हे चुकवू नका. कोरड्या ब्रशने धूळ बाहेरच्या बाजूला काढा, रोलर ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. अक्षरांमध्ये, विशेषतः 'ओ' आणि 'ई'च्या पोकळीत शाई भरली असेल तर टूथब्रशने काढा. क्रोम आणि लोखंडाचे उघडे भाग कोरड्या कापडाने पुसा कारण बोटांच्या घामानेही गंज धरतो. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. मार्जिन स्टॉप मध्यावर आणले होते ते परत जागेवर न्या, नाहीतर पुढच्या वेळी मशीन चालत नाही म्हणून उगाच घाबराल.

पहिली सहल एकट्याने केलीत की दुसरीला कुणाला तरी जोडीला घ्या, एकाने जागा धरायची आणि एकाने चहा सांगायचा, कामं वाटली जातात. २३ जूनला टाइपरायटर दिन असतो, टाइपरायटर बनवणारा अमेरिकन शोल्स आणि त्याच्या जोडीदारांना १८६८ ला त्या तारखेला पेटंट मिळालं म्हणून, आणि त्या दिवशी मशीन काढावंसं वाटतंच. पण आपल्याकडे तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, त्यामुळे त्या दिवशी बसचा बेत नको, कुणाच्या तरी घरी डायनिंग टेबलवर जमा, हिवाळ्यात टिपलेल्या वह्या काढा आणि राहिलेली पोस्टकार्डं पूर्ण करा.